वाढवतो म्हण

आमच्या घरात दूध संपत नाही, वाढतं. कप फुटत नाही, वाढतो. मोबाइलची बॅटरी, टूथपेस्ट, सुट्टीचा शेवटचा दिवस, सगळं वाढतं. ही खोड आम्हाला मुकुंददादांनी लावली. ते आता मिरजेला बहिणीच्या शेजारी राहतात, आम्ही अजून जर्मनीत, बाड हॉम्बुर्गलाच आहोत. पण फ्रिजमध्ये डोकं घालून माझा नवरा समीर आजही ओरडतो, "मेधा, दही वाढलंय." पूर्वी हे ओरडताना तो हसायचा. हल्ली हसत नाही, आणि मीही हसत नाही.

मुकुंद देवधर येना शहरातली नोकरी सोडून आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर इरा होती. दुसरी-तिसरीतली पोर, पाठीला स्वतःपेक्षा मोठं दप्तर, आणि मराठीत काहीही विचारलं की उत्तर जर्मनमध्ये. तिला सगळं कळायचं. बोलायची मात्र नाही. मराठीतला एकच शब्द तिच्या तोंडात होता, तो म्हणजे 'बाबा'. इराची आई, शुभांगीवहिनी, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मुकुंददादा असं कधी म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "शुभा नसते आता." जणू ती बॉनला नोकरीला असते आणि वीकेंडला येऊ शकत नाही.

पहिल्यांदा चहाला आले त्या दिवशी समीरच्या हातून कप निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. "फुटला," मी म्हटलं. मी केरसुणी आणेपर्यंत हा माणूस गुडघ्यांवर बसून तुकडे वेचत होता.

"वाढला म्हण," ते खालूनच म्हणाले. "आणि माझंच चुकलं. ट्रे मी असा सरकवायला नको होता."

ट्रेला त्यांनी हातही लावला नव्हता.

म्हणजे पहिल्याच भेटीत आम्हाला त्यांच्या दोन्ही खोडी कळल्या. एक 'वाढला म्हण' आणि दुसरी 'माझंच चुकलं'. पहिलीत तसं नवीन काही नव्हतं. जुन्या बायका बांगडी फुटली म्हणायच्या नाहीत, वाढली म्हणायच्या. नारळ आपण अजूनही वाढवतोच. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढाच त्याचा मतलब. पण पँटच्या खिशात मोजपट्टी घेऊन हिंडणारा मेकॅनिकल इंजिनिअर हा नियम टॉयलेट पेपरलाही लावतो, हे आम्ही प्रथमच पाहत होतो. दुसऱ्या खोडीबद्दल काय बोलावं. गाडी उशिरा आली तर त्यांचंच चुकलेलं असायचं, कारण त्यांनी ती गाडी सुचवली होती. इराला सर्दी झाली, आमच्या कुंडीतली तुळस थंडीने मेली, मराठी मंडळाच्या गणपतीत स्पीकर बंद पडला, कशातही हा माणूस पुढे होऊन आपला वाटा उचलायचा. समीर वैतागून म्हणायचा, "दादा, थोडं आमच्यासाठी ठेवा ना चुकायला."

आणि गंमत अशी की त्यांची नोकरीच मोडण्याची होती. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते सीटच्या बिजागऱ्या आणि दारांच्या कड्या तपासायचे. तपासायचे म्हणजे यंत्रात अडकवून ती उघड-मीट करत राहायची, मोडेपर्यंत. मोडली की कुठे मोडली, कशी मोडली ते पाहायचं. "माझा बाबा वस्तू मोडतो," असं इराने शाळेत सांगितलं होतं आणि बाईंनी दादांना भेटायला बोलावलं होतं.

एकदा समीरने त्यांना यावरून कोंडीत पकडलं. "दादा, ऑफिसात काय सांगता हो? बिजागरी वाढली?"

"नाही. तिथं जर्मन बोलतो."

"मग जर्मनमध्ये मोडलेलं चालतं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," दादा म्हणाले. "जर्मनमध्ये मला काही लागत नाही."

त्यावर आम्ही हसलो. ते मात्र हसले नव्हते, हे मला फार उशिरा आठवलं.

या वाढण्यावरून आम्ही त्यांना किती छळलं असेल याला सुमार नाही. "दादा, तुमचा पगार वाढला म्हणजे नक्की काय झालं, आम्ही पेढे मागू की उसने देऊ?" हा समीरचा दरवर्षीचा विनोद. दादा सोशिकपणे ऐकून घ्यायचे. पण शब्द बदलायचे नाहीत. बोलण्याच्या भरात कुणी 'संपलं' म्हणालं तर हळूच, पुटपुटल्यासारखं, "वाढलं म्हण" यायचंच. जायला निघताना 'जातो' म्हणणं तर दूरच. कधीकधी दारात चपला घालणाऱ्या पाहुण्याने 'निघतो' म्हटलं तरी दादा आतून बाहेर येऊन त्याच्याकडून 'येतो' वदवून घ्यायचे.

त्यांच्याबरोबर आम्ही दर ऑक्टोबरला, शाळेच्या सुट्टीत, आल्गॉयच्या डोंगरात एका फेरिएनवोनुंगमध्ये, म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याने मिळणाऱ्या घरात, जायला लागलो. आम्हाला मूलबाळ नाही आणि इराची आम्हाला सवय झाली होती, त्यामुळे ते आपसूक झालं. जागा कायम तीच. लाकडी बाल्कनीचं घर, वरच्या मजल्यावर आम्ही आणि खाली मालकीण फ्राऊ हूबर, तिच्या कोंबड्यांसकट. दादा आणि शुभांगीवहिनी पूर्वी इथेच यायचे, इरा पाळण्यात असल्यापासून. दुसरी जागा बघू या का, असं मी एकदा विचारलं होतं. दादा म्हणाले, "इथला तवा चांगला आहे."

त्या तव्यासाठी माणूस इतका प्रवास का करायचा ते पहिल्याच वर्षी कळलं. तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते कायझरश्मार्न करायचे. वर्षातून एकदाच, आणि तिथेच. बाड हॉम्बुर्गच्या घरी कितीही आग्रह केला तरी नाही. कायझर म्हणजे बादशहा, आणि श्मार्न म्हणजे काहीच्या काही, फालतू बडबड. तिकडे डोंगरातले लोक कुणी मूर्खासारखं बोललं की सरळ म्हणतात, श्मार्न. ऑस्ट्रियाचा हा पदार्थ या बाजूलाही घरोघर होतो. जाड, फुगलेलं, गोड धिरडं करायचं आणि चांगलं झालं की तव्यातच त्याचे तुकडे करायचे. मग ते तुकडे लोणी-साखरेत परतायचे, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराची आंबटगोड चटणी. मुद्दाम मोडून खायचा पदार्थ. डोंगरावरच्या एका खानावळीत शुभांगीवहिनींनी तो खाल्ला होता आणि तिथल्या बाईकडून शिकून घेऊन याच स्वयंपाकघरात केला होता, एवढं दादांनी सांगितलं होतं.

भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर कसं असतं ते सर्वांना माहीत आहे. उकडलेलं अंडं ठेवायच्या वाट्या डझनभर, पण कापणारी सुरी एकही नाही. झाकणं आहेत, पण ती कुठल्यातरी दुसऱ्याच भांड्यांची. तिथे विजेचा मिक्सर नव्हता, म्हणून दादा अंड्याचं पांढरं तारेच्या झाऱ्याने हाताने फेसायचे. हे त्यांचं मोठं काम. बलक वेगळे काढून त्यात दूध, मैदा, चिमूटभर मीठ घालून ठेवायचे. मग शर्टाच्या बाह्या वर करून, भांडं पोटाशी धरून, खिडकीत उभं राहायचं आणि फेसत राहायचं. त्यात थांबायचं नाही. थांबलं की पाणी सुटतं. फेस झाला की नाही हे पाहण्याची त्यांची पद्धत इराला फार आवडायची. ते भांडं उचलून सरळ आपल्या डोक्यावर उपडं धरायचे. पडलं नाही, तर झालं.

एका वर्षी पडलं. टकलावरून, चष्म्यावरून, मिशीवरून फेस ओघळत असताना ते शांतपणे म्हणाले, "आल्झो, अजून थोडं हवं होतं. माझंच चुकलं." इरा हसून हसून जमिनीवर लोळली. त्या वर्षी ते खरंच त्यांचं चुकलं होतं.

मग तो फेस पिठात हलक्या हाताने मिसळायचा, खालून वर, खालून वर. तव्यात लोणी, त्यावर पीठ, सफरचंदाच्या रसात भिजवलेले बेदाणे, आणि झाकण. इथपर्यंत ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पण धिरडं फुगून, उलटून, दोन्हीकडून सोनेरी झालं की दोन काटे माझ्या किंवा समीरच्या हातात द्यायचे. "वाढव आता," म्हणायचे आणि बाल्कनीत निघून जायचे.

पहिल्या वर्षी मला वाटलं, ताटात वाढायला सांगताहेत. मी आपले व्यवस्थित चार भाग करून ताटल्यांत ठेवले. दादा परत आले, ताटल्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "वाढ नाही ग. वाढव. तुकडे कर. असे, अं, मोकळे." मला हसूच आवरेना. मोडायचं असलेल्या पदार्थालासुद्धा मोड म्हणता येत नव्हतं त्यांना. "मग तुम्हीच करून दाखवा ना," मी म्हटलं. त्यांनी काटे हातात घेतले नाहीत. चटणी गरम करायची आहे असं काहीतरी म्हणाले. चटणी कधीच गरम झाली होती.

त्यांच्या या भाषेने आम्हाला एकदा पुरतं गोत्यात आणलं. तिथे पोचलो तो शनिवार होता. समीर गावातल्या दुकानात सामान घ्यायला गेला आणि तिथून त्याने फोन केला, काय काय आणू. फोन दादांनी घेतला. फ्रिज उघडून पाहून म्हणाले, "दूध वाढलंय, अंडी वाढलीत, लोणी आहे." समीर बिचारा दमलेला होता. त्याने सरळ अर्थ घेतला, की दूध आणि अंडी उरली आहेत. आणि आला नुसती बिस्किटं घेऊन. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळी दुकानं बंद. फेसायला एक अंडं नाही.

"तुम्हीच म्हणालात वाढलीत," समीर म्हणाला.

"म्हणूनच म्हणालो की आण."

"दादा, साधं 'नाहीत' म्हणायला काय होतं हो?"

दादांनी फ्रिज पुन्हा उघडून पाहिला. मग नेहमीचं म्हणाले, माझंच चुकलं. शेवटी इराला घेऊन मी खाली गेले आणि फ्राऊ हूबरकडून दूध आणि कोंबडीखालची गरम अंडी मागून आणली.

त्याच सुट्टीत अजून एक झालं. काचेचा एक पेला दादांच्या हातून वाढला. अशा घरात काही फुटलं तर मालकिणीला सांगायचं असतं. लपवलं असतं तरी तिला कळलं नसतं, पण दादांना रात्रभर झोप लागली नसती. ते अंघोळीला जाता जाता इराला म्हणाले, "फ्राऊ हूबरना सांग, एक पेला वाढलाय. बाबा भरून देईल." इरा खाली गेली आणि तिने जर्मनमध्ये इमानेइतबारे सांगितलं, की बाबा म्हणतो एक पेला मोठा झालाय. फ्राऊ हूबर एप्रनला हात पुसत वर आली. तिने सगळे पेले टेबलावर मांडले, वाकून एकेक पाहिला आणि शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कुठला?"

ही गोष्ट समीरने आमच्या मंडळात इतक्या वेळा सांगितली की लोक दादांना पाहिलं की पेला दाखवायचे. दादा मान खाली घालून हसायचे. आम्हाला वाटायचं, त्यांनाही गंमत वाटते.

इरा मोठी होत गेली. बारावीनंतर ती येनाला शिकायला जायची होती, तो आमचा तिथला शेवटचा ऑक्टोबर. शेवटचा आहे हे तेव्हा ठरलं नव्हतं. बाहेर बारीक पाऊस होता. समीर शेगडीसाठी लाकडं आणायला खाली गेला होता आणि फ्राऊ हूबरच्या तावडीत सापडला होता. इरा आतल्या खोलीत. दादा खिडकीत उभे राहून अंडी फेसत होते आणि मी शेजारी मोरीत भांडी धूत होते. नवरात्रात मंडळाच्या भोंडल्याला मिळालेल्या हिरव्या बांगड्या माझ्या हातात होत्या. नळाला हात आपटला, एक बांगडी तडकली आणि मनगटाला काच लागली.

"फुटली मेली," मी म्हटलं.

"वाढली म्हण." मागून आलंच.

मनगटातून रक्त येत होतं, भांडी पडली होती, आणि इतक्या वर्षांत ते वाक्य मी नको तितक्या वेळा ऐकलं होतं. "दादा, पुरे हो आता," मी म्हणाले. "फुटली ती फुटली. श्मार्न आहे हे सगळं."

झाऱ्याचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं. फेसताना ते कधी थांबत नसत. ते भांडं पोटाशी धरून नुसते उभे होते आणि माझ्या मनगटाकडे बघत होते.

"मीही हेच म्हणालो होतो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"शुभाला."

त्यांनी पुन्हा फेसायला सुरुवात केली. पुढचं सगळं त्यांनी काम करता करता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. फेस मिसळला, लोणी घातलं, पीठ ओतलं, झाकण ठेवलं. आवाज नेहमीचाच होता.

"येनाला, हॉस्पिटलात. सकाळी ऑपरेशन होतं. हात सुजले होते तिचे. तिच्या बहिणीच्या लग्नातल्या बांगड्या होत्या हातात, काचेच्या. नर्स म्हणाली काढाव्या लागतील. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. माझ्या बॅगेत पक्कड असतेच. मनगटाभोवती टॉवेल गुंडाळला आणि म्हटलं, हात दे, फोडतो." त्यांनी झारा भांड्याच्या कडेवर आपटला. "ती म्हणाली, असं म्हणू नये. वाढवतो म्हण."

मी नळ बंद केला.

"घाई होती. नर्स दारात उभी. आणि मला त्या असल्या गोष्टींचा रागच यायचा ग तेव्हा. घरात मीठ वाढलं, तेल वाढलं, हिचंच सगळं. मी चिडवायचो तिला. मी म्हटलं, श्मार्न. आणि फोडल्या."

"मग?"

"मग नेलं तिला."

शुभांगीवहिनी त्या ऑपरेशनमधून परत आल्या नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. मी ओल्या हाताने मनगट धरून उभी होते. माझी जीभ जळली असती तर बरं, असं वाटत होतं. आणि समीरचे पगाराचे विनोद, तो पेला, ते सगळं एकदम आठवून कुठे तोंड लपवू असं झालं.

"दादा, शब्दाने कुणी जात नाही," मी शेवटी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

"ते मला कळत नाही का?" ते म्हणाले. "मी इंजिनिअर आहे. म्हणण्यानं काही होत नाही. तिचं जे व्हायचं ते झालंच असतं." झाकण उचलून त्यांनी आत पाहिलं आणि पुन्हा ठेवलं. "पण त्या दिवशी तिनं माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. पाणी प्यायचं नव्हतं, खायचं नव्हतं. मागण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. एक शब्द मागितला. काय जात होतं माझं?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "मी होते ना तिथे."

इरा दाराला टेकून उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. ती जर्मनमध्येच बोलत होती, आणि वयात आलेल्या मुलींचा असतो तसा आवाज चढवून. "मी खुर्चीत बसले होते, बाबा. तू मला विसरतोस नेहमी. तू नर्सबरोबर सही करायला बाहेर गेलास. तेव्हा मम्मी माझ्याशी बोलली."

दादा वळले. "काय बोलली?"

इराने क्षणभर डोळे मिटले. आणि मग तिच्या तोंडून मी पहिल्यांदा मराठी वाक्य ऐकलं. ते तिचं वाक्य नव्हतं. हेल तिचा नव्हता, आवाजही जरा वेगळा लागला. लहानपणी पाठ केलेलं काहीतरी जसंच्या तसं म्हणावं तसं ती म्हणाली, "तुझ्या बाबाला ना, मराठी येत नाही."



"आणि हसली," इरा पुन्हा जर्मनवर आली. "खूप हसली. मीही हसले. नर्सला वाटलं आम्हाला वेड लागलंय. ती रागावली नव्हती, बाबा."

मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. झालं, सुटला हा माणूस, असं मला वाटलं. मी दादांकडे पाहिलं. ते इराकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा सुटलेल्या माणसाचा नव्हता.

"म्हणजे तिच्या मनात राहिलं होतं," ते म्हणाले.

"बाबा!"

"मी बाहेर गेल्यावरसुद्धा तिच्या मनात तेच होतं."

"मेन्श, बाबा, ती हसत होती!"

"ती कायमच हसायची," दादा म्हणाले. "दुखलं तरी हसायची."

इरा रागाने रडायला लागली. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं. एकाच वाक्यात पोरीला आई हसताना दिसत होती आणि नवऱ्याला आपला गुन्हा. एवढ्या वर्षांत दोघांनी ते एकमेकांना सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, कारण बाबाने विचारलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, कारण त्यांना वाटायचं ती लहान होती, तिला काय आठवणार. मी मध्ये पडणार होते, पण तोवर तव्यातून करपल्याचा वास आला.

हा पदार्थ कुणासाठी थांबत नाही. इराने नाक पुसलं, पुढे होऊन झाकण काढलं, उलथन्याने धिरडं उलटलं. एका बाजूने काळसर झालं होतं, पण फुगलं होतं छान. तिने खणातून दोन काटे काढले. नेहमीप्रमाणे दादा बाल्कनीच्या दाराकडे वळले होते. इराने काटे मला दिले नाहीत. ती त्यांच्या वाटेत उभी राहिली आणि काटे त्यांच्यापुढे धरले.

"तू कर," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी तवा धरते."

दादा काट्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी ते घेतले. इराने फडक्याने तव्याचा दांडा धरला. दादांनी काटे धिरड्यावर टेकवले आणि थांबले. आम्ही दोघी वाट बघत होतो. त्यांचा खालचा ओठ हलत होता, पण आवाज येत नव्हता. मग डावा काटा त्यांनी खाली ठेवला आणि तो हात इराच्या, दांडा धरलेल्या हाताशी नेला. मनगटावर, जिथे बांगड्या असतात तिथे, नुसता टेकवला.

"हात दे," ते म्हणाले.

हात तर दिलेलाच होता. इराने तो हलवला नाही.

"वाढवतो हं," ते म्हणाले. "वाढवतो."

आणि काटा उचलून त्यांनी पहिला तुकडा केला.

मला वाटलं, आता एकदा म्हणाले, झालं. समीर लाकडं घेऊन वर आला आणि दारातच थांबला, कारण मी त्याला हाताने थांबवलं. तव्यावरून वाफ येत होती. इराने दांडा घट्ट धरला होता. दादा आमच्याकडे पाठ करून, वाकून, तुकडे करत होते, आणि प्रत्येक तुकड्याला, हळू, आपल्याशीच, म्हणत होते, वाढवतो. वाढवतो. धिरड्याचे मोकळे तुकडे केव्हाच झाले होते. साखर घालायची वेळ टळून गेली होती. तरी त्यांचे काटे थांबत नव्हते.